दिव्यावरची चिकटपट्टी

आमच्या संस्थेत अतिवाहकता सापडली ती वजा बारा अंशांना. आणि सापडली कुणाला, तर डॉक्टर रास्तिस्लाव गोंबारला, ज्याला स्वतःच्या गळ्यातला मफलर शोधायला दोन माणसं लागायची.

वजा बारा म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या कोशित्से शहरात जानेवारीत वजा बाराला बायका तान्ह्या पोरांना गाडीत गुंडाळून बाहेर झोपवतात, छान झोप लागते म्हणून. त्याला आम्ही थंडी म्हणत नाही, हवा म्हणतो. आणि अतिवाहकता म्हणजे वीज जिथून जाताना जराही अडत नाही, घासत नाही, तापत नाही, एकदा गोल फिरायला सोडली तर वर्षानुवर्षं फिरत राहते, अशी अवस्था. आमच्याकडच्या स्फटिकांना ती यायला वजा दोनशे सत्तरच्या आसपासचा गारठा लागतो. तो गारठा मी तयार करते. बेचाळीस वर्षं करते आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण यंत्राला ते कळवायचं राहिलं, म्हणून दोघीही कामावर आहोत.

यंत्राला सगळे चेटकीण म्हणतात. एका तोंडानं हेलियम वायू आत घेते, दिवसभर कण्हते, आणि दुसऱ्या तोंडानं तोच वायू पाण्यासारखा पातळ करून देते. वरच्या मजल्यावरची शहाणी माणसं तो दुधाच्या कॅनसारख्या टाक्यांतून घेऊन जातात, वापरतात, आणि उडून गेलेला वायू नळ्यांमधून पुन्हा माझ्याकडे येतो. खोलीएवढ्या मोठ्या फुग्यात साठतो. शहाऐंशी साली त्या फुग्याला भोक पडलं होतं, आणि आमची मांजर बरोनका नेमकी त्या भोकाशी तोंड लावून झोपली होती. सकाळी बघते तर मांजर छताला. झाडूच्या दांड्यानं खाली घेतली. पुढं तीन दिवस चिमणीच्या आवाजात ओरडत होती.

ही गोष्ट मी नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगते. पातळ हेलियम अजून गार केला की आपल्या पायांनी भांड्याची भिंत चढून बाहेर येतो, तेही सांगते. त्यातली मांजर खोटी आणि चढणारा हेलियम खरा, पण लोक विश्वास ठेवतात मांजरीवर. पुढं पुढं तर कुणी निवड करायचंच सोडलं. मावशी बोलली की मांजर, एवढंच धरून चालायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात वाटलं.

तर गोंबार. परदेशात अकरा आठवडे राहून आलेला. आल्यापासून स्लोवाक बोलताना मध्येच थांबून शब्द आठवल्यासारखं करायचा. पाना हातात धरलेला मी त्याला एकदाच पाहिला, तोही फोटोसाठी, आणि उलटा. त्याच्या हाताखाली तिमेआ नावाची पोरगी होती, डॉक्टरेट करणारी. सीमेजवळच्या खेड्यातली, घरी हंगेरियन बोलणारी, बोटं अशी की मुंगीला पैंजण घालील.

तिचं काम पापुद्रे काढण्याचं. एक काळा चकचकीत स्फटिक असतो, पत्त्यांच्या जोडासारखा, थरावर थर. त्याला साधी चिकटपट्टी लावायची आणि सोलायची. पट्टीवर थर येतात. ती पट्टी दुमडून परत सोलायची, परत दुमडायची, असं करत करत शेवटी कुठंतरी एकच पापुद्रा उरतो, तीन अणूंच्या जाडीचा, आणि त्याहून पातळ काही करताच येत नाही. हवा लागली की तो मरतो, म्हणून हातमोजे बसवलेल्या काचेच्या पेटीत बसून सगळं करायचं, आणि वर दुसऱ्या एका पारदर्शक पापुद्र्याचं पांघरूण घालायचं. दोनशे पट्ट्या सोलल्या तर एखादा चांगला निघतो. मग केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा. दोन वीज नेतात, दोन वाटेत किती अडलं ते मोजतात.

तिमेआला बघायचं एवढंच होतं की एकच पापुद्रा उरल्यावरही त्यात वीज न अडता जाते का, आणि गेली तर किती गारठ्यात. दिसायला लहान प्रश्न आहे, पण तिनं त्यावर तीन वर्षं घातली होती. जाड स्फटिकात सगळे थर एकमेकांना धरून असतात, एकट्या पापुद्र्याला कुणाचा आधार नाही. तिला माझ्याकडून दोन टाक्या पातळ हेलियम पाहिजे होता, आणि गोंबारची त्यावर सही.

सही मिळाली नाही, कारण त्याआधी चमत्कार झाला.

नोव्हेंबरात ती नुसतं तारा नीट बसल्यात का ते बघायला पापुद्रा थोडा गार करत होती. वजा बारावर, वीज किती अडली तो आकडा धाडकन शून्यावर आला. तिमेआ म्हणाली, तार सुटली. कुणीही म्हणेल. पण नेमका त्याच वेळी गोंबार कॉफीचा कप घेऊन दारात उभा. त्यानं शून्य पाहिलं आणि कप तसाच हातात राहिला. गरम करायला लावलं, आकडा परत आला. गार करायला लावलं, वजा बाराला पुन्हा शून्य. पाच वेळा केलं, पाची वेळा तेच. सुटलेली तार आपोआप जोडली जाते का, असं त्यानं तिला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत खोलीबाहेर जाऊन तीन जणांना फोन केले.

आता एक लहानशी गोष्ट सांगते, ती ध्यानात ठेवा. तारांमध्ये वीज सोडणारा जो डबा असतो, त्याच्यावर एक लाल दिवा आहे. डबा वीज ढकलतोय पण पुढं वाटच नाही, म्हणजे कुठं तुटलंय, असं झालं की तो लागतो. त्या दिवशी तो लागला होता. तिमेआनं दाखवलाही. गोंबार म्हणाला, तो दिवा नवीन असल्यापासूनच बिघडलेला आहे. दुसऱ्या दिवशी दूरदर्शनचा माणूस कॅमेरा घेऊन आला, तर त्या दिव्याचा लाल ठिपका गोंबारच्या चष्म्यात दिसायला लागला, दोन्ही काचांत एकेक. गोंबारनं तिमेआच्या टेबलावरची, स्फटिकाच्या थरांनी काळी झालेली चिकटपट्टी घेतली, चार पदर केले, आणि दिवा झाकून टाकला. ज्या पट्टीनं पापुद्रा काढायचा तिनंच डोळा बांधला. झालं. अतिवाहकतेचा शोध लागला.

डिसेंबरात कागद आला. वजा बाराला चालणाऱ्या अतिवाहकाला पातळ हेलियमची गरज नाही, सबब चेटकीण बंद करून, भाग सुटे करून, दुसऱ्या देशातल्या कुठल्याशा कारखान्याला द्यायची. अट एकच. जानेवारीच्या शेवटी राजधानीतून, ब्रातिस्लाव्हाहून, समितीचे तिघे येणार, त्यांना शोध प्रत्यक्ष दाखवायचा. त्यांनी मान डोलावली की आठवड्याभरात क्रेन.

कागद वाचून मी यंत्राजवळ जाऊन बसले. वरच्या मजल्यावर सहा जणांचं खरं काम माझ्या टाक्यांवर चालतं, ते थांबणार. तिमेआचा पापुद्रा कायमचा न मोजलेला राहणार. आणि मी घरी जाऊन काय करायचं, दूरदर्शनवर गोंबार बघायचा?

दुपारी तिमेआ खाली आली. रडून आली होती पण नाक पुसून. म्हणाली, गोंबारनं शोधनिबंध लिहिलाय, त्यावर तिचं नाव दुसरं आहे, आणि सही करायला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. तिनं म्हटलं होतं की आधी दिव्यावरची पट्टी काढून एकदा मोजू. त्यावर तो म्हणाला, पट्टी निघाली तर प्रबंधावर सही करायला दुसरा कुणी शोध.

मी म्हटलं, तार कशानं चिकटवलीस ते दाखव. तिनं डबी उघडली, मी भिंग लावलं. तारेच्या मुळाशी गुलाबी थेंब. हे काय, विचारलं. नेलपॉलिश, म्हणाली. तारा चिकटवायचं, गारठ्यात न तडकणारं आमचं पिवळं वॉर्निश ऑगस्टातच संपलं होतं, आणि असल्या किरकोळ गोष्टींवर सही करायला गोंबारला सवड नव्हती. म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नेलपॉलिश आणलं. सगळ्या जगात लावतात, मावशी, म्हणाली. लावतात, खरं आहे. पण कुठलं, ते बघून लावतात.

मला हसू यायला लागलं. कारण त्याच दुकानातलं तेच गुलाबी नेलपॉलिश माझ्या बाल्कनीत होतं.

हिवाळ्यात मी हुस्पेनिना करते, डुकराचे पाय शिजवून थिजवलेली. बाल्कनीत बरण्या ओळीनं ठेवते, फ्रिजची काय गरज. झाकणांवर नेलपॉलिशनं तारीख घालते, कारण मार्करची तारीख दमटपणानं पुसते आणि आमच्या नवऱ्याला जुनी-नवी काही कळत नाही, पुढं येईल ती खातो. आणि दर वर्षी असं होतं की थंडी वाढली की तारखा तडकून उठतात. कडेनं सुटून वर येतात, माशाच्या खवल्यासारख्या. हवा उबदार झाली की परत बसतात. बाहेरच्या भिंतीवर थर्मामीटर आहे. वजा दहापर्यंत काही होत नाही. वजा बाराला टक्.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या पट्टीवर तिमेआची एक सोन्याची तार त्या गुलाबी थेंबानं चिकटवली आणि तिच्यासमोर खिडकीबाहेर धरली. वजा तेरा होतं. चहा गार व्हायच्या आत टक्. थेंब उठला, त्यानं तार उचलली. भिंगातून दिसेल न दिसेल एवढीच. आत आणली, थेंब बसला, तार बसली. म्हणजे गारठ्यात तार सुटायची, वीजच जायची नाही, मग अडायची कशी? आकडा शून्य. रस्त्यावर एक गाडी धावत नाही आणि हा गावभर सांगत सुटलाय की आमच्या रस्त्याला खड्डेच नाहीत.

मी बरणी घेतली, काचपट्टी घेतली आणि गोंबारकडे गेले. नीट सांगितलं, उभं राहून, एप्रन काढून. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर संचालकांना फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाला की मावशींनी नवी मांजर आणलीय, या वेळी बरणीत बसलेली. पलीकडून हसल्याचं मला ऐकू आलं. मग मी संचालकांकडे गेले, तर त्यांनी हुस्पेनिना चाखली, लसूण बरोबर पडलाय म्हणाले, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल एक समारंभ करायचा विचार आहे असं सांगितलं. मी बरणी परत घेतली. समारंभवाल्यांना मी खायला घालत नाही.

खोटं वाढलं तेव्हा चाळीस वर्षं ह्यांनी बोटं चाटून खाल्लं, आणि एकदा खरं वाढलं तर ताट सरकवलं. ठीक आहे म्हटलं. ज्याला जे पचतं तेच वाढू.

तिमेआला सांगितलं, शुक्रवारी सही करू नकोस, ताप आलाय म्हणून घरी बस. ती बसली. गोंबारला वेळच नव्हता विचारायला, तो केस कापून घेत होता.

समिती आली त्या दिवशी वजा पंधरा होतं, आभाळ लख्ख. गोंबारनं ठरवलं होतं की प्रयोग गच्चीवर करायचा. नुसत्या कोशित्सेच्या हवेत. हेलियम नको, यंत्र नको, देवानं दिलेली थंडी. दूरदर्शनवाल्यांना ते फार आवडलं. गच्चीवर टेबल मांडलं, त्यावर डबा, आकड्याचा पडदा, आणि पापुद्र्याची लहानशी पेटी, आतून ऊब दिलेली. पेटीचं झाकण उघडलं की पापुद्रा हळूहळू गार होणार. तिमेआला तारा जोडायला बोलावून घेतलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते, आणि ते थंडीनं नव्हतं.

मला वर येऊ दिलं ते चहासाठी. चहात अर्धी आलुबुखाराची दारू घातली होती, म्हणून कुणी मला खाली धाडलं नाही.

समितीतले दोघे तरुण होते, दोघांनाही कान झाकायची टोपी नव्हती, त्यामुळं त्यांना फक्त आपले कान दिसत होते. तिसरा त्यांचा मुख्य, इंजिनिअर ब्लाहो, सत्तरीचा, पोटावर ओव्हरकोट जेमतेम मिटलेला. त्या कोटाच्या दोन्ही कॉलरांवर बिल्लेच बिल्ले. धरणाचा, पोलाद कारखान्याचा, ट्राम डेपोचा, कुठल्याशा गोगलगाय पैदास केंद्राचा. आमच्या काळात सगळेच बिल्ले जमवायचे, पण मोठं झाल्यावर बहुतेकांचं सुटतं. ह्याचं वाढलं होतं. चहा देताना बघितलं तर त्याचा हात टेबलावरच्या एका पेनाशी खेळत होता, आणि मी दुसऱ्यांदा आले तेव्हा पेन नव्हतं.

देवमाणूस, मी मनात म्हटलं.

कप भरता भरता त्याला हळूच सांगितलं की साहेब, डबा बघून घ्या, पण त्यावरच्या काळ्या पट्टीला हात लावू नका. का, म्हणाला. मी इकडं तिकडं पाहिलं. मग सांगितलं की ती साधी पट्टी नाही. पहिला पापुद्रा ज्या पट्टीनं सोलला, ती ही. परदेशातल्या एका संग्रहालयानं मागितली होती, पण आमच्या डॉक्टरांनी दिली नाही. शकुनाची म्हणून डब्यालाच चिकटवून ठेवलीय. जगात एकच आहे.

ब्लाहोनं चहा एका घोटात संपवला. मला विचारलं, "एकच?"

"दुसरी होती," मी म्हटलं, "पण ती मांजरीनं खाल्ली."

त्यानं मान डोलावली, अगदी दुःखानं. आणि त्यानंतर त्यानं ना पडद्याकडं पाहिलं ना गोंबारकडं. नजर पट्टीवर.

गोंबारचं भाषण पाव तास चाललं. मानवजात हा शब्द सात वेळा आला, तिमेआ एकदाही नाही. मग त्यानं पेटीचं झाकण स्वतः उघडलं. वजा दोन. वजा पाच. वजा नऊ. आकडा संथपणे उतरत होता, सगळे श्वास रोखून. वजा बारा, आणि शून्य. टाळ्या वाजल्या, हातमोज्यांतल्या, गाद्या झोडल्यासारख्या. त्या आवाजात टक् मला ऐकू आला असं मी आता सांगते, पण ती मांजर समजा.

गोंबार कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात ब्लाहो त्याच्या कोपराशी गेला आणि अदबीनं विचारलं, "डॉक्टर, एक छोटीशी आठवण घेतली तर चालेल का? ती पट्टी?"

गोंबारला कुठली पट्टी ते कळलंही नाही. कॅमेरा चालू होता. हात पसरून म्हणाला, "घ्या, घ्या. इथलं सगळं देशाचंच आहे."

ब्लाहोनं हातमोजा काढला. नखानं कोपरा उचलला आणि फार हळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी, चार पदर सोलून काढले. पाकिटातला फोटो बाजूला सारून त्या जागी पट्टी ठेवली. पाकीट आत सरकवलं. मग त्याला दिवा दिसला. लालभडक, डिसेंबरातल्या नाकासारखा.

"हा कशाचा?" त्यानं विचारलं.

गोंबार वळला. क्षणभर त्याचा चेहरा असा झाला की अकरा आठवड्यांचं परदेश एकदम उतरलं. मग हसून म्हणाला की तो डबा चालू असल्याचा दिवा आहे.

ब्लाहोनं मान हलवली, बरं म्हणाला, आणि चहाकडं वळायला लागला. तिथं सगळं संपलंच असतं. मी माझं केलं होतं, पट्टी काढायला लावली होती. दिवा काय सांगतो ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. मी सांगितलं असतं तर मांजर झाली असती. मी तिमेआकडं पाहिलं. ती गोंबारकडं बघत होती. गोंबारनं तिच्याकडं बोट नाही केलं, भुवई नुसती उचलली. प्रबंध, सही, तीन वर्षं, सगळं त्या भुवईवर होतं.

तिमेआ म्हणाली, "नाही. वीज जात नसली की तो लागतो."

आवाज मोठा नव्हता. पण गच्चीवर वारा नव्हता.

ब्लाहो थांबला. हा माणूस आयुष्यभर बिल्लेच गोळा करत बसला असं मी धरून चालले होते, पण त्यातला ट्राम डेपोचा बिल्ला त्याला फुकट मिळाला नव्हता. तिथं अठरा वर्षं काम करून मिळवला होता. त्यानं चष्मा लावला, डब्यावर वाकला, मग पेटीवर. तिमेआला म्हणाला, "म्हणजे ट्रामचा दांडा तारेवरून उतरलाय, आणि आपण टाळ्या वाजवतोय की ट्राम वीजच खात नाही?"

तिमेआ पेटीवर वाकली. तिनं पापुद्र्यावर श्वास सोडला. एक, दोन, तीन. दिवा विझला. पडद्यावर आकडा परत उभा राहिला. ती बाजूला झाली. वजा पंधराची हवा आत गेली, आणि दिवा लागला, आकडा शून्य. परत श्वास. परत विझला. तिनं चार वेळा केलं. चौथ्या वेळी समितीतला एक बिनटोपीचा म्हणाला, मी करून बघू का, आणि त्यानंही केलं. अतिवाहकता तोंडाच्या वाफेनं लागत-विझत होती, चुलीसारखी.

गोंबार आर्द्रतेबद्दल बोलायला लागला. मग हवामानाबद्दल. मग बाहेरच्या लोकांना प्रयोगाच्या वेळी गच्चीवर येऊ देण्याबद्दल, आणि तेव्हा त्याचं बोट माझ्या किटलीकडं होतं. ब्लाहोनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं की चहा उरलाय का.

समितीनं मान डोलावली नाही. क्रेन आली नाही. तो कागद कुणी फाडला नाही, तो संचालकांच्या खणात आहे. असले कागद मरत नाहीत, झोपतात. पण चेटकीण चालू आहे. पिवळं वॉर्निश आलं, बारा बाटल्या, मी स्वतः सही घेतली.

गोंबारचं काय झालं विचाराल. वाईट व्हायला पाहिजे होतं, पण अशा माणसांचं वाईट व्हायचं ठिकाण अजून बांधलेलं नाही. तो महिनाभर आजारी होता, मग राजधानीत गेला. आता विज्ञानातला प्रामाणिकपणा या विषयावर व्याख्यानं देतो. ऐकलेल्यांनी सांगितलं की फार मनापासून देतो, आणि त्यात एका विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणाचं उदाहरण असतं. नेलपॉलिशचं.

तिमेआला दुसरा मार्गदर्शक मिळाला, गप्प बसणारा म्हातारा, ज्याला चार वाजता घरी जायचं असतं. मार्चमध्ये तिनं दोन टाक्या नेल्या. मी वर गेले, मला पायऱ्या आता जड जातात तरी गेले. तारा पिवळ्या वॉर्निशनं बसवलेल्या, डबा उघडा, दिवा सगळ्यांना दिसेल असा. पातळ हेलियमात पापुद्रा उतरवला. वजा दोनशे साठ, काही नाही. वजा दोनशे एकोणसत्तर, काही नाही. मग तिनं पंप लावून हेलियम अजून गार केला, आणि वजा दोनशे सत्तरला आकडा घसरायला लागला, धाडकन नाही, उतारावरून बैलगाडी उतरावी तसा, ब्रेक लावत लावत, आणि खाली जाऊन टेकला. शून्य. दिव्याकडं पाहिलं. काळा. वीज जात होती. तीन अणूंच्या जाडीच्या त्या चिंधीतून, कुणाचा आधार नसताना, बिनबोभाट जात होती. तिनं चुंबकाचं बटण वाढवलं, तसा आकडा वर आला; खऱ्याला चुंबक सोसत नाही. कमी केलं, परत शून्य. दिवा काळाच.

कॅमेरा कुणीच आणला नव्हता. म्हातारा मार्गदर्शक घड्याळाकडं बघून म्हणाला की चांगलं आहे, लिहून टाक, आणि गेला, कारण चार वाजले होते. तिमेआनं मला विचारलं, "मावशी, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?"

मी म्हटलं, तू सांगितलंस तर वाटेल. मी सांगणार नाही.

मे महिन्यात मला पत्र आलं, जाड कागदाचं. ब्लाहो निवृत्त झालाय आणि आपले बिल्ले त्यानं गावाकडच्या संग्रहालयाला दिले. सोबत ती काळी पट्टीही, काचेखाली, जगातली पहिली म्हणून. आता संग्रहालयाला तिच्या खरेपणाचा लेखी दाखला पाहिजे होता, ती प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या सहीनिशी.

मी लिहून दिला. दुसरी पट्टी कशी गेली तेही लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून बरोनकाचं नाव घातलं.